‘तेल लावून देऊ का?’ घरच्या माणसाचा ताण हाताने कसा उतरवायचा, सविस्तर

आपल्याकडे बाळाचं कौतुक किती असतं बघा, मालिशवाली बाई येणार, तेल, शेक-शेगडी, धुरी, मांडीवर पालथं घालून थोपटणं, सगळं साग्रसंगीत. मग तेच पोरगं पाचवी-सहावीत गेलं की हळूहळू सगळं बंद होतं, मुलगा असेल तर जरा लवकरच. त्यानंतर अंगाला हात लागतो तो पाया पडताना, ग्रुप फोटोत खांद्यावर, नाहीतर ताप आहे का बघायला कपाळावर. बास. आणि मग कुठेतरी वाचून एखादी बायको ऑफिसातून आलेल्या नवऱ्याला मिठी मारायला जाते आणि तो दचकून विचारतो, ‘काय झालं? काय पाहिजे?’

म्हणून मी मिठीपासून सुरुवात करा असं सांगणार नाही. मिठी वाईट नाही, पण बऱ्याच मराठी घरांत ती अंगवळणी पडलेली नाही आणि जबरदस्तीने मारली तर दोघंही अवघडतात. आपल्याकडे माया कायम कामाच्या निमित्ताने हातात येते. तेल लावणं, केस विंचरून देणं, पाय चेपणं, पाठ चोळणं, काशाच्या वाटीने तळपाय घासणं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी करतात, वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्याला तूप-हळद चोळतात. बैलासाठी हे सुचतं आणि दिवसभर लोकलमध्ये लोंबकळून आलेल्या माणसाचा खांदा चोळून द्यायला आपल्याला दिवाळी लागते, तीही फक्त अभ्यंगस्नानापुरती.

तर हे निमित्त परत कसं आणायचं, ते क्रमाने सांगते.

आधी थोडं, हे चालतं कसं

दोन मिनिटं शास्त्र वाचा, कारण ते कळलं की हात कसा फिरवायचा ते आपोआप कळतं.

आपल्या कातडीत स्पर्श कळणारे दोन प्रकारचे तंतू असतात. एक फास्ट, काय लागलं, कुठे लागलं, गुळगुळीत की टोकदार हे लगेच सांगणारे. दुसरे एकदम संथ, त्यांना सी-टॅक्टाइल तंतू म्हणतात, आणि ते मुख्यतः लव असलेल्या कातडीत असतात, म्हणजे हाताची वरची बाजू, पाठ, चेहरा वगैरे. हे तंतू सगळ्यात जास्त जागे होतात ते सेकंदाला साधारण १ ते १० सेंटीमीटर या वेगाने, अंगाच्या तापमानाइतक्या कोमट हाताने हळू फिरवलं की. म्हणजे आजी ज्या वेगाने पाठीवरून हात फिरवते तोच वेग. पटपट चोळलं की हे तंतू फारसे भाव देत नाहीत, आणि हात नुसता ठेवून दिला तरी कमीच.

दुसरी गोष्ट, स्पर्शाने प्रॉब्लेम सुटत नाही. होम लोनचा हप्ता तेवढाच राहतो. पण ‘मी एकटा नाही’ हे शरीराला कळतं आणि धोक्याची जी घंटा आत वाजत असते तिचा आवाज कमी होतो. जेम्स कोअन हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००६ चा प्रयोग आहे, १६ विवाहित बायकांना मेंदूच्या स्कॅनिंग मशीनमध्ये ठेवून घोट्याला हलका शॉक बसेल असं सांगायचं, आणि कधी नवऱ्याचा हात हातात, कधी अनोळखी माणसाचा, कधी कोणाचाच नाही. नवऱ्याचा हात असताना मेंदूतली घाबरगुंडी सगळ्यात कमी. आणि ज्यांचं नवऱ्याशी चांगलं जमत होतं त्यांना फायदा जास्त. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिसरं, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ना, दिवसाला इतक्या मिठ्या जगायला, इतक्या वाढीला लागतात म्हणून, त्या आकड्यांना आधार नाही. २०२४ मध्ये जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी स्पर्शावरचे शंभराहून जास्त अभ्यास एकत्र तपासले, त्यात असं दिसलं की मोठ्या माणसांना एकदाच खूप वेळ करण्यापेक्षा पुन्हा पुन्हा, थोडं थोडं केलेलं जास्त लागू पडतं. आणि डोकं-चेहरा इथल्या स्पर्शाचा फायदा हात-धड यापेक्षा जास्त दिसला. वाचून मला तरी आजीच जिंकली असं वाटलं.

पायरी १: विचारायचं, पण आपल्या भाषेत

‘मी तुला स्पर्श करू का’ असं कोणी विचारत नाही आणि विचारूही नका, समोरचा पळून जाईल. ‘डोक्याला तेल लावून देऊ का?’, ‘पाय चेपू का जरा?’, ‘इकडे ये, केस बघू, किती गुंता झालाय’ असं विचारायचं. नाही म्हणाले तर नाही. गाल फुगवायचे नाहीत, ‘आम्ही मेलो तरी तुम्हाला काही नाही’ वाला डायलॉग तर अजिबात नको. दोन दिवसांनी परत सहज विचारायचं. काही माणसांना खरंच अंगाला हात लावलेला आवडत नाही, स्वभाव असतो, किंवा लहानपणी काहीतरी वाईट झालेलं असतं, किंवा ऑटिझम असलेल्या काही मुलांना हलका स्पर्श टोचतो पण घट्ट दाब चालतो. अशा माणसाच्या शेजारी नुसतं बसून शेंगा सोलल्या तरी पुष्कळ.

वेळ कुठली? घरात पाऊल टाकल्या टाकल्या नको, आधी पाणी, चहा, हात-पाय धुणं होऊ दे. जेवण झाल्यावर टीव्हीसमोर किंवा रविवारी सकाळी अंघोळीच्या आधी, ही दोन बेस्ट.

पायरी २: डोक्याला तेल, नीट

यावर मी सगळ्यात जास्त लिहिणारे, कारण घरात हेच सगळ्यात सहज होतं. नवरा, सासरे, दहावीतला मुलगा, सगळे मुकाट बसतात.

खोबरेल घ्या किंवा तिळाचं, जे घरात असेल ते. साधारण दोन चमचे पुरे, केसांत मुरवायचंय, डोकं तेलात बुडवायचं नाही. थंडीत खोबरेल थिजतं तेव्हा गॅसवर डायरेक्ट ठेवू नका, वाटी गरम पाण्यात ठेवा, आणि तेल आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, कोमट लागलं पाहिजे, चटका नको. डोक्यात खूप कोंडा असेल तर तेलाने तो जात नाही, उलट कोंड्याला कारण असलेल्या बुरशीला तेल आवडतं, तेव्हा अशा माणसाला तेलाशिवाय कोरडंच करा, सुख तेवढंच मिळतं.

बसायचं कसं, तर लावणारा खुर्चीवर किंवा दिवाणावर, आणि ज्याला लावायचं तो खाली पाटावर किंवा चटईवर, पाठ तुमच्याकडे, तुमच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये. हे बसणंच अर्धं काम करतं, कारण पाठीला आधार मिळतो आणि एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. जे समोरासमोर बोलवत नाही ते असं बसल्यावर आपोआप बोललं जातं. खांद्यावर जुना टॉवेल टाका, दोघांचेही फोन दुसऱ्या खोलीत.

आता हात. तेल घेऊन लगेच घासायला लागू नका. दोन्ही तळवे टाळूवर नुसते ठेवा, समोरच्याचे चार-पाच श्वास होईपर्यंत, खांदे थोडे खाली आलेले तुम्हाला दिसतील. मग बोटांची पेरं केसांच्या आत घालून कातडीवर टेकवा, आणि केसांवरून बोटं न सरकवता खालची कातडीच हाडावर गोल गोल हलवा. हा मेन फरक आहे. नुसते केस घासले तर गुंता होतो आणि केस तुटतात, कातडी हलली की बरं वाटतं. नखं लागता कामा नयेत. टाळूपासून सुरू करून कानांच्या वरपर्यंत, मग मागे. कानशिलांवर एकदम हलकं, दोन बोटांनी. मागे मान जिथे कवटीला मिळते तिथे दोन बाजूंना दोन खोबणी लागतात, दिवसभर लॅपटॉप बघणाऱ्या माणसाच्या त्या दगडासारख्या असतात, तिथे अंगठे टेकवून बेताचा दाब द्या, पाच-सहा सेकंद, सोडा, परत. ‘दुखतंय का’ हे एकदाच विचारा, सारखं नको.

मग खांदे. मान आणि खांद्याच्या मधला जाड स्नायू तळहात आणि बोटांत धरून कणीक मळल्यासारखा हळू दाबायचा-सोडायचा. मानेच्या पुढच्या बाजूला हात लावायचा नाही. आणि सलूनमध्ये चंपीच्या शेवटी मान कडकन मोडतात ना, ते घरी अजिबात नको आणि सलूनमध्येही ‘मान नको’ असं आधीच सांगा, मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊन स्ट्रोक येऊ शकतो, क्वचित येतो पण येतो.

शेवटी कपाळ. भुवयांच्या मधून बाहेर कानशिलापर्यंत, दोन्ही हातांनी, सावकाश. एवढं सगळं दहा-पंधरा मिनिटांत होतं. बंद करताना हात पटकन उचलून ‘झालं, ऊठ’ करू नका, परत तळवे टाळूवर क्षणभर.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, तेल लावताना लेक्चर नको. आपल्या आयांना हे अवघड जातं, मला माहितेय. मुलगी खाली बसलीये, हलूही शकत नाही, मग तेव्हाच लग्नाचा विषय, मार्कांचा विषय, ‘वजन वाढलंय हं तुझं’. तिचं डोकं तुमच्या हातात असतं, लगेच ताठ झालेलं कळतं बघा. तुम्ही गप्प राहा, ती बोलली तर हं हं करा. सल्ला उद्या द्या.

पायरी ३: तळपाय आणि काशाची वाटी

रात्री झोप न लागणाऱ्यांसाठी हे छान. पाय धुऊन पुसायचे, तळव्याला थोडं तूप किंवा खोबरेल लावायचं आणि काशाच्या वाटीची पालथी बाजू टाचेपासून बोटांपर्यंत हळूहळू फिरवायची, एका पायाला पाच-सात मिनिटं. तळवा काळा होतो तेव्हा ‘बघा किती उष्णता निघाली’ असं सगळे म्हणतात, तर ती उष्णता नाही, धातू आणि तेल घासून येणारा काळेपणा आहे. पण झोप लागायला उष्णता निघावीच लागते असं कुठंय. कोणीतरी आपले पाय मांडीवर घेऊन बसलंय, एवढ्यानेच निम्मी झोप येते. वाटी नसेल तर अंगठे चालतात.

ज्यांना जुना डायबेटीस आहे त्यांच्या पायाला संवेदना कमी असू शकते, त्यांना गरम तेल लावू नका, आणि आधी तळव्यांवर जखम-भेग बघून घ्या. तसं हे बघणंही रोज व्हायला हवंच, तेवढंच होऊन जातं.

पायरी ४: ऐनवेळचा ताण

बारावीचा पेपर, इंटरव्ह्यू, उद्या ऑपरेशन, किंवा बॉसचा रात्री दहाला आलेला मेल. इथे तेलाची वाटी घेऊन बसायला वेळ नसतो.

हात हातात घ्या. तुमचा हात गार असेल तर आधी चोळून गरम करा. एका हाताने त्यांचा तळवा धरा आणि दुसऱ्या हाताने मनगटाच्या वरच्या बाजूपासून कोपरापर्यंत एकाच दिशेने हळू फिरवा. वेग कसा ठरवायचा, तर तेवढ्या अंतराला मनात पाच-सहा आकडे मोजायचे, बरोबर त्या संथ तंतूंना आवडतो तो वेग येतो. बाळाला थोपटतो तसं पटपट थोपटू नका, मोठ्या माणसाला ते ‘बास झालं आता, रडू नको’ असं वाटतं.

मिठी चालत असेल तर मारा, पण खांद्याला खांदा लावून पाठीवर दोन थापा मारायची सभेतली मिठी नाही. वारीत वारकरी कसे उराउरी भेटतात, आधी एकमेकांच्या पाया पडतात, लहान-मोठा कोणी बघत नाही आणि मग छातीला छाती लावून भेटतात, तशी. २००३ च्या एका अमेरिकन अभ्यासात जोडप्यांना दहा मिनिटं हात धरून बसवलं, २० सेकंदांची मिठी मारायला लावली आणि मग लोकांसमोर बोलायला उभं केलं, तर त्यांचं ब्लड प्रेशर हात न धरलेल्यांपेक्षा कमी चढलं. वीस सेकंद म्हणजे फार वाटतात, पहिल्या पाच-सात सेकंदांत अवघडायला होतं, त्याच्या पुढे अंग सैल पडतं. मात्र २०२२ च्या एका जर्मन प्रयोगात आधी मारलेल्या मिठीचा फायदा बायकांमध्ये दिसला, पुरुषांमध्ये नाही दिसला. म्हणजे नवरा मिठीने शांत होत नसेल तर तो दगड आहे असं नाही, त्याला कदाचित पाठ चोळलेली बरी वाटेल.

पायरी ५: नवरा-बायको

वर म्हटलं ना, नातं नीट असलं तर फायदा जास्त, ते इथे. भांडण तसंच धुमसत ठेवून रात्री पाय चेपायला बसलात तर तो स्पर्श ताण उतरवत नाही, वाढवतो. आधी दोन वाक्यं का होईना, बोलून घ्या.

दुसरं म्हणजे कितीतरी घरांत अंगाला हात लागला म्हणजे पुढे काय ते ठरलेलंच, त्यामुळे दमलेली बायको साधा हातही हातात देत नाही. यावर उपाय एकच, बऱ्याचदा पुढे काहीच न होणारा स्पर्श करायचा. भांडी घासताना मागून खांदे दाबून द्या आणि निघून जा. खरंच निघून जा. काही आठवडे हे झालं की विश्वास बसतो.

आणि पाडव्याला बायको नवऱ्याला तेल-उटणं लावते, ती सुंदर पद्धत आहे, पण एकतर्फी का? पुरुषांनी हा लेख इथपर्यंत वाचला असेल तर पुढच्या रविवारी तेलाची वाटी तुम्ही उचला. लावणाऱ्याचाही ताण कमी होतो, मांजराच्या पाठीवरून हात फिरवताना होतो तसाच.

वन रूम किचन, सासू-सासरे, मुलं, हे सगळ्यांनाच असतं. केसांना तेल लावणं सगळ्यांसमोर चालतं, हा त्याचा मोठाच फायदा आहे.

पायरी ६: मुलं, आणि विशेषतः वयात आलेली

तान्ह्या बाळाबद्दल थोडक्यात: कमी वजनाचं बाळ असेल तर आईच्या किंवा बाबाच्या उघड्या छातीवर धरायची कांगारू पद्धत डॉक्टर सांगतात, ती १९७० च्या दशकाच्या शेवटी कोलंबियात बोगोटाला सुरू झाली आणि जीव वाचवते हे सिद्ध झालंय, त्यात लाजू नका. मालिश करताना बाळ रडत असेल तर थांबा, जोरात चोळून हाडं घट्ट होत नाहीत. कानात-नाकात तेल घालू नका.

टीनएजर्ससोबत आडून जायचं. बाईकवर मागे बसवणं, गादीवर मस्ती, पंजा लढवणं, मॅच जिंकल्यावर टाळी, केस विस्कटणं. मित्रांसमोर गालगुच्चा घेतलात तर वर्षभर जवळ येणार नाही. झोपायला गेल्यावर दिवा बंद करून दोन मिनिटं पाठीवरून हात फिरवा, अंधारात मोठ्ठी झालेली मुलंही चालवून घेतात.

पाहुण्यांना ‘काकांना पापी दे’ ही जबरदस्ती मात्र बंद. मुलाला नाही म्हणता आलं पाहिजे, नमस्कार केला तरी पुरे. कोणी नको तसा हात लावला असं मूल सांगत असेल तर आधी विश्वास ठेवा, १०९८ ही चाइल्डलाइन, म्हणजे मुलांच्या मदतीची फोन-लाइन आहे.

पायरी ७: घरातली म्हातारी माणसं

यांना हात लावतो तो फक्त बीपीचा पट्टा. जोडीदार गेलेला असतो, समवयस्क एकेक जातात, आणि मुलं लांबूनच ‘औषध घेतलं का’ विचारतात. आजी-आजोबांच्या हाताच्या वरच्या बाजूला, कोपरापर्यंत, खोबरेल किंवा साधं मॉइश्चरायझर लावून द्या, त्यांची कातडी कोरडी असते, खाज येते, म्हणजे निमित्त पक्कं. कातडी पातळ असते म्हणून दाब नको, नुसता हात फिरवायचा. विस्मरण झालेल्या माणसाला तुमचं नाव आठवलं नाही तरी हात धरल्यावर चेहरा सैल होतो. मागून अचानक हात लावू नका, समोरून जा, नाव घ्या, मग लावा. दवाखान्यात आयसीयूत असतील तर सिस्टरना विचारा, हात सॅनिटाइझ करा, आणि सलाईन नसलेला हात धरा.

एकटे राहत असाल तर

पुण्यात पीजीमध्ये, बंगळुरूला फ्लॅटवर, न्यू जर्सीत. इथे तेल लावायला कोण येणार? फ्रँकफर्टच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं की स्वतःचा उजवा हात छातीवर आणि डावा पोटावर ठेवून २० सेकंद श्वासाकडे लक्ष दिलं तरी ताणाच्या प्रसंगात कॉर्टिसॉल (ताण आला की अंगात वाढणारं हार्मोन) कमी राहतं, जवळपास मिठीइतकंच. हृदयाचे ठोके मात्र तसेच होते, तेव्हा चमत्काराची अपेक्षा नको. कुत्रं-मांजर असेल तर उत्तम, वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात विद्यार्थ्यांना दहा मिनिटं कुत्र्या-मांजरांना कुरवाळायला दिलं तरी कॉर्टिसॉल उतरलं. स्वतःच्या डोक्याला रविवारी स्वतः तेल लावा, वर सांगितलं तसंच, घाई न करता. आणि घरी गेलात की आईला तुम्हीच म्हणा, ‘तेल लावून दे ना.’ त्या वाक्याची ती वाटच बघत असते, विचारायला तिलाही अवघड जातं.

कधी करायचं नाही

एकाच पायाची पोटरी सुजली, लाल आणि गरम आहे, दुखतेय, तर तो पाय अजिबात चेपू नका, आत रक्ताची गुठळी असू शकते, डॉक्टर गाठा. ताप, ताजं फ्रॅक्चर, जखम, पुरळ, नुकतं ऑपरेशन यावरही नाही. गरोदरपणात पोट-कंबर चोळायची तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखतंय आणि डावा हात भरून आलाय असं कोणी म्हटलं तर तो हात चोळत बसू नका, लगेच १०८ ला फोन करा. घरात मारहाण होत असेल, तर मारणाऱ्याला माया लावून शांत करायची जबाबदारी मार खाणाऱ्याची नाही, तिथे हा लेख लागू नाही.

आणि आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण नाही, मरणाच्या गोष्टी निघतात, तर तेल लावा, हातही धरा, पण त्याच हाताने टेलीमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ लावा. फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. फोनवर बोलताना त्यांच्या शेजारी बसून राहा.